सोडवणूक कोणाची? मोटारकंपन्या, तळेगाव आणि कापसाचे यवतमाळ

खासगी उद्योग तोट्यात बुडू लागला की त्याला बुडू द्यावे की सरकारी तिजोरीतून पैसा ओतून तारावे, हा वाद जुना असला तरी मोटार उद्योगाच्या बाबतीत तो पुन्हा पुन्हा पेटतो; कारण मोटार तयार करणाऱ्या एकेका कंपनीमागे सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने, विक्रेते, वाहतूकदार आणि कर्ज देणाऱ्या बँका उभ्या असतात आणि ती कोसळली तर हा सारा डोलाराच खाली येण्याची भीती असते. अशा वेळी सरकार स्वस्त कर्ज देते, भागभांडवल विकत घेते, कर कमी करते किंवा कंपनीने कर्ज थकवले तर ते आपण फेडू अशी बँकेला लेखी हमी देते. या सगळ्या उपायांना मिळून ‘बेलआउट’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, आणि साखर कारखान्यांमुळे महाराष्ट्राच्या कानांना सवयीची झालेली ‘थकहमी’ हा त्याच कुळातला उपाय होय.

यवतमाळ जिल्ह्यात मोटारींचा कारखाना नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याचा संसार कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर, वणी परिसरातल्या कोळसा खाणींवर आणि लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोजक्या कारखान्यांवर चालतो. तरीही मोटारकंपन्यांच्या सोडवणुकीची हकिकत या जिल्ह्याला परकी नाही. ज्या २००८ साली अमेरिकेने आपल्या मोटारकंपन्यांना वाचवण्यासाठी तिजोरी उघडली, त्याच साली भारत सरकारने शेतकऱ्यांची कर्जे माफ केली. आणि स्वस्त उत्पादनाच्या शोधात कारखाने देशोदेशी हलवण्याची जी रीत मोटारीत दिसते, तीच कापडात दिसते आणि तिचा एक धागा थेट यवतमाळात येतो. सरकारी मदत नेमकी कोणाच्या पदरात पडते आणि तिच्याबरोबर अटी कोणावर लादल्या जातात, हे या दोन सोडवणुका शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते.

चाळीस दिवसांची दिवाळखोरी

२००८ च्या जुलैत खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला, तेव्हा जास्त इंधन पिणाऱ्या मोठ्या गाड्यांवर नफा कमावणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा पाया हलला, आणि १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळल्यावर कर्जपुरवठाच आटला. अमेरिकेत गाडी बहुधा कर्जावरच घेतली जात असल्याने कर्ज थांबताच विक्रीही बसली. नोव्हेंबरात जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तिन्ही कंपन्यांचे प्रमुख मदत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले, पण तिघेही स्वतंत्र खासगी विमानांनी गेल्यामुळे त्यांच्यावर टीकेची झोड उठली. डिसेंबरात मदतीचा प्रस्ताव सिनेटमध्ये अडकला, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी बँकांसाठी उभारलेल्या ७०० अब्ज डॉलरच्या निधीतून जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७.४ अब्ज डॉलर देण्याची घोषणा १९ डिसेंबर रोजी केली. फोर्डने या निधीतून पैसे घेतले नाहीत.

पुढच्या वर्षी बराक ओबामा यांच्या सरकारने मदत वाढवली, पण त्याआधी जनरल मोटर्सचे प्रमुख रिक वॅगनर यांना पद सोडायला लावले, आणि १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. अमेरिकी कायद्यातल्या ‘चॅप्टर ११’ या तरतुदीनुसार दिवाळखोर कंपनीचा लिलाव न करता, न्यायालयाच्या संरक्षणाखाली तिची फेररचना करता येते. त्याप्रमाणे चालणारे कारखाने आणि खपणारी नाममुद्रा एका नव्या कंपनीकडे गेली, बुडीत देणी जुन्या कंपनीच्या माथी राहिली, आणि १० जुलैला, म्हणजे सुमारे चाळीस दिवसांत, नवी जनरल मोटर्स बाहेर पडली. तिच्यात अमेरिकी सरकारचा सुमारे ६१ टक्के, कॅनडाच्या सरकारांचा जवळपास १२ टक्के आणि निवृत्त कामगारांच्या आरोग्य निधीचा १७.५ टक्के वाटा होता. जुन्या भागधारकांच्या हाती काही उरले नाही. सरकारने या एका कंपनीत सुमारे ४९.५ अब्ज डॉलर घातले, २०१३ च्या डिसेंबरात शेवटचा भाग विकला, आणि दहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला.

हा तोटा सोसून काय मिळाले, यावर दोन मते आहेत. समर्थकांचे म्हणणे असे की, कंपनी बुडाली असती तर सुटे भाग पुरवणाऱ्यांची साखळी तुटून फोर्डसारख्या धडधाकट कंपन्याही अडचणीत आल्या असत्या आणि बेकारीचा खर्च सरकारवर त्याहून मोठा पडला असता. विरोधकांचा आक्षेप ‘नैतिक जोखमी’चा आहे: बुडालो तरी सरकार वाचवील अशी खात्री झाली की माणूस आणि कंपनी दोघेही बेफिकीर होतात. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र दोन्ही मते कंपनीभोवती फिरतात, आणि विशिष्ट गावातल्या विशिष्ट कारखान्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या बाहेर राहतो.

अमेरिकेने अटी घातल्या नव्हत्या असे नाही. नव्या कामगारांना जुन्यांच्या जवळपास निम्म्या वेतनावर घेण्याची सूट कंपनीला वाढवून मिळाली, पाँटिॲक आणि सॅटर्न या नाममुद्रा बंद झाल्या, आणि आशियातून आयात करण्याऐवजी एक लहान गाडी मिशिगनमधल्या ओरायन येथेच बनवण्याचे ठरले. परंतु मेक्सिकोतले उत्पादन वाढवू नये किंवा अमुक कारखाना अमुक वर्षांपर्यंत चालू ठेवावा, असे बंधन मदतीबरोबर आले नाही. त्यामुळे २०१८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे कंपनी भरपूर नफ्यात असताना, उत्तर अमेरिकेतले पाच कारखाने थांबवण्याची घोषणा झाली, आणि ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाऊनच्या कारखान्यातून २०१९ च्या मार्चमध्ये शेवटची गाडी बाहेर पडली.

फ्रान्सने उलट मार्ग धरला. २००९ मध्ये रेनो आणि पेजो-सित्रोएन या कंपन्यांना प्रत्येकी तीन अब्ज युरोचे कर्ज देताना अध्यक्ष निकोला सार्कोझी यांनी देशातले कारखाने बंद न करण्याची हमी मागितली, आणि फ्रान्समध्ये विकायच्या गाड्या चेक प्रजासत्ताकात बनवणे समर्थनीय नाही असे जाहीरपणे म्हटले. चेक सरकार संतापले, आणि युरोपीय आयोगाने सामायिक बाजारपेठेच्या नियमांवर बोट ठेवताच ही अट सैल करावी लागली. पॅरिसजवळच्या ओल्ने येथील पेजोचा कारखाना अखेर २०१३ मध्ये बंद झालाच. ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्या होल्डन या कंपनीला सरकारने वर्षानुवर्षे अनुदान दिले, पण अनुदान आटणार असे दिसताच २०१३ च्या डिसेंबरात कंपनीने काढता पाय घेतला आणि २०१७ च्या ऑक्टोबरात तिथले उत्पादन संपले. अट मोघम असेल तर ती टिकत नाही, आणि अट नसेल तर मदत संपेपर्यंतच मुक्काम असतो, असा या दोन देशांचा धडा आहे.

तळेगावचा कारखाना

महाराष्ट्राला हा धडा घरबसल्या मिळाला. जनरल मोटर्सने १९९० च्या दशकात गुजरातमधल्या हालोल येथे हिंदुस्तान मोटर्सच्या भागीदारीत भारतातले काम सुरू केले होते. तिचा दुसरा कारखाना पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात, तीनशेहून अधिक एकरांवर उभा राहिला आणि त्याचे उद्‌घाटन २००८ च्या सप्टेंबरात झाले. ज्या महिन्यात न्यूयॉर्कमध्ये लेहमन कोसळली, त्याच महिन्यात मावळात शेव्हरोलेच्या लहान गाड्यांची जुळणी सुरू झाली. अमेरिकी करदात्याने कंपनी वाचवली म्हणून हा कारखानाही वाचला, हे खरे. पण मूळ कंपनीला रोकड हवी होती, त्यामुळे २००९ च्या डिसेंबरात शांघायच्या सैक या चिनी सरकारी कंपनीला भारतातल्या व्यवसायात निम्मी भागीदारी देण्याचे ठरले. मावळातल्या कामगाराचे भवितव्य त्या क्षणी डेट्रॉइट आणि शांघाय या दोन शहरांतल्या हिशेबांवर अवलंबून होते.

शेव्हरोलेच्या गाड्यांना भारतात मोठा ग्राहकवर्ग मिळाला नाही. तेव्हा तळेगावला निर्यातीचे केंद्र करण्याचे ठरले आणि तिथल्या डाव्या बाजूला सुकाणू असलेल्या ‘बीट’ गाड्या चिली, मेक्सिको अशा देशांत जाऊ लागल्या. २०१५ च्या जुलैत कंपनीने भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि हालोल बंद करून सारे उत्पादन तळेगावला आणण्याची घोषणा केली. दोन वर्षे पुरी होण्याआधीच, १८ मे २०१७ रोजी, भारतात गाड्या विकणेच थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. तो भारतापुरता नव्हता. त्याच वर्षी कंपनीने युरोपातली ओपेल विकली आणि दक्षिण आफ्रिकेतूनही अंग काढून घेतले. ओपेल घेणारी कंपनी म्हणजे तीच पेजो, जिला २०१४ मध्ये फ्रेंच सरकारने १४ टक्के भाग घेऊन सावरले होते.

निर्यातीपुरता चालू राहिलेला तळेगावचा कारखाना २४ डिसेंबर २०२० रोजी थांबला. तो चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचा करार त्याच वर्षाच्या आरंभी झाला होता आणि जूनमध्ये राज्य सरकारबरोबर ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करारही झाला होता. पण सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या भांडवलाला पूर्वपरवानगी सक्तीची करणारा केंद्राचा नियम एप्रिल २०२० मध्ये आला, जूनमध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी चकमक झाली, आणि परवानगी न मिळाल्याने २०२२ मध्ये तो व्यवहार बारगळला. दरम्यान सुमारे १,४०० कामगारांना ‘ले-ऑफ’ मिळाला. ले-ऑफ म्हणजे नोकरीवरून काढणे नव्हे, तर काम देता येत नसल्यामुळे दिलेली सक्तीची सुटी, आणि तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार तिच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळत असे. शंभर किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागत असे. कामगार संघटनेने नेमके याच तरतुदीवर बोट ठेवले आणि लढा न्यायालयांत गेला.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. त्यात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती. जुन्या कामगारांना सामावून घेणे त्यात नव्हते. २०२५ मध्ये तिथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. औद्योगिक क्षेत्रातली जमीन वापरात आली, राज्याला गुंतवणूक मिळाली, सुटे भाग पुरवणाऱ्यांना नवे गिऱ्हाईक मिळाले. सगळ्या व्यवहारात जागेला वारस सापडला, कामगाराला नाही.

कारखाने का हलतात

उत्पादन हलवण्यामागे केवळ स्वस्त मजुरी असते, हा समज अपुरा आहे. मोटारीच्या किमतीत सुट्या भागांचा वाटा मजुरीपेक्षा कितीतरी मोठा असतो, म्हणून पुरवठादार, बंदर, वीज, करसवलत आणि जवळची बाजारपेठ या गोष्टी एकत्र तोलल्या जातात. देशाची सीमा ओलांडण्याची गरजही नसते. २००३ मध्ये केंद्राने उत्तराखंडातल्या नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ केल्यावर बजाज ऑटोने पंतनगरला कारखाना काढला आणि २००७ मध्ये आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबवले. आकुर्डीच्या कामगाराला पंतनगर मेक्सिकोइतकेच दूर होते.

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून याच तत्त्वावर चालते: तालुका जितका मागास, तितकी सवलत जास्त. विदर्भाला तिच्यात झुकते माप आहे, तरी मोटारकंपन्या पुणे, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यातच येत राहिल्या. कारण पुरवठादारांची दाटी आणि न्हावाशेवा बंदराची जवळीक यांची भरपाई करसवलत करू शकत नाही. हिंगण्यातला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना हा विदर्भातला ठळक अपवाद, आणि त्याचेही गिऱ्हाईक शेतकरीच आहे.

मात्र उत्पादनाच्या स्थलांतराचा फायदा यवतमाळलाही झाला आहे. रेमंडने १९९६ मध्ये यवतमाळात डेनिम कापडाचा कारखाना काढला आणि २००६ मध्ये बेल्जियमच्या युको या कंपनीशी त्यासाठी भागीदारी केली. पुढच्या काही वर्षांत युरोप आणि अमेरिकेतले खर्चीक डेनिम उत्पादन आवरत गेले. यवतमाळचे चालू राहिले. डेनिमचा उभा धागा निळीच्या टाक्यांतून पुन्हा पुन्हा बुडवून हवेत वाळवला जातो आणि आडवा धागा पांढराच ठेवला जातो, म्हणून जीन्सची आतली बाजू फिकी दिसते. या कामासाठी लागणारा आखूड ते मध्यम धाग्याचा कापूस, पाणी आणि मजूर हे सारे भारतात एका जागी मिळते. बेल्जियमच्या विणकराने गमावलेले काम लोहाऱ्यातल्या कामगाराला मिळाले. स्थलांतराचा निषेध सरसकट करता येत नाही तो यामुळेच. तळेगावला जे दुःख आहे तेच दुसऱ्या टोकाला कोणाचे तरी सुख असते, आणि ते सुखही कायमचे नसते.

यवतमाळची सोडवणूक

शेतकऱ्याच्या वाट्याला आलेली सोडवणूक याच काळातली आहे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी यवतमाळसह विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात थकलेल्या कर्जावरचे ७१२ कोटींचे व्याज माफ झाले आणि मोठा भाग सिंचन प्रकल्पांसाठी होता. २९ फेब्रुवारी २००८ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी देशभरासाठी ६० हजार कोटींची कर्जमाफी मांडली, जी पुढे ७० हजार कोटींच्या वर गेली.

या माफीच्या अटी बारीक अक्षरांत वाचण्यासारख्या होत्या. कर्ज ३१ मार्च २००७ पर्यंत घेतलेले आणि त्या वर्षअखेर थकलेले हवे. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत, जमीन असेल तर पूर्ण माफी. त्याहून जास्त असेल तर तीन चतुर्थांश रक्कम आधी भरल्यावर उरलेल्यात सवलत. बागायती भागात पाच एकर म्हणजे सुस्थिती असते, तर झरी-जामणी किंवा घाटंजीच्या कोरडवाहू रानात आठ-दहा एकरांचा धनीही एका पावसाच्या खंडाने कर्जात बुडतो. सातबाऱ्यावरचे क्षेत्र मोजले गेले, विहिरीतले पाणी मोजले गेले नाही. सावकाराचे कर्ज हिशेबात नव्हते, आणि उसनवारी करून बँकेचा हप्ता वेळेवर भरणाऱ्याला काहीच मिळाले नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये तपासलेल्या खात्यांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक खात्यांत त्रुटी दाखवल्या: पात्र असून वगळलेले एकीकडे, अपात्र असून लाभलेले दुसरीकडे. पुढे २०१७ आणि २०१९ मध्ये राज्याला पुन्हा कर्जमाफी जाहीर करावी लागली, यावरून पहिल्या माफीने रोगाच्या मुळाला हात घातला नव्हता हेच सिद्ध होते.

अमेरिकेने निदान कंपनीची फेररचना केली: जुने कर्ज छाटले, प्रमुख बदलला, नवे भांडवल दिले, आणि सरकारने मालकीचा वाटा घेतला. शेतकऱ्याचे जुने कर्ज पुसले, पण पुढच्या हंगामाचे गणित तसेच राहिले; बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वाढत गेली, आणि भाव बाजाराच्या हाती राहिला. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना, जी पुसदच्या वसंतराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात सुरू झाली, हा भाव सावरण्याचा एक प्रयत्न होता. तिचा तोटा राज्याला झेपेना आणि ती मोडीत निघाली. आता भारतीय कापूस महामंडळाची हमीभावाने होणारी खरेदी उरली आहे.

संरक्षणाच्या मापातही फरक आहे. तयार परदेशी मोटारीवर भारताने वर्षानुवर्षे ६० ते १०० टक्क्यांपर्यंत सीमाशुल्क ठेवले, म्हणून इथे विकायची गाडी इथेच बनवणे परवडत आले. कापसावरचे आयात शुल्क ११ टक्के होते, आणि अमेरिकेच्या वाढीव शुल्काने अडचणीत आलेल्या कापड गिरण्यांना दिलासा म्हणून ते १९ ऑगस्ट २०२५ पासून उठवून पुढे वर्षअखेरपर्यंत शून्य ठेवले गेले; दसऱ्यानंतर वेचणीला येणाऱ्या वऱ्हाडी कापसाचा हंगाम नेमका त्याच काळात येतो. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती, पण तिच्या सोडवणुकीचा भार शेतकऱ्याच्या भावावर पडला.

अट कोणावर

सरकारी मदत द्यावी की देऊ नये हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो. संजय गांधींची मारुती कंपनी दिवाळ्यात गेल्यावर सरकारने १९८० मध्ये कायदा करून ती ताब्यात घेतली, सुझुकीला भागीदार केले, देशी सुटे भाग वाढवण्याचा आग्रह धरला, आणि २००७ पर्यंत आपला हिस्सा विकून बाजूला झाले. त्या आग्रहातून गुरुग्राम-मानेसर परिसरात पुरवठादारांची फळी उभी राहिली. याचा अर्थ अट नेमकी असेल आणि ती राबवणारा खमका असेल, तर सार्वजनिक पैशातून टिकाऊ उद्योग उभा राहतो. २०२१ मध्ये मोटार उद्योगासाठी जाहीर झालेली २५,९३८ कोटींची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजनाही देशांतर्गत मूल्यवृद्धी किमान ५० टक्के असावी अशी अट घालते. कामगाराविषयीची अटही तितक्याच नेमक्या शब्दांत लिहिता येणे अशक्य नाही.

जमीन, करपरतावा आणि वीज शुल्कातली सूट घेणाऱ्या कारखान्याने ठरलेल्या मुदतीआधी गाशा गुंडाळला, तर सवलतीची रक्कम व्याजासह परत घ्यावी आणि ती आधी कामगारांच्या भरपाईला द्यावी; कारखाना विकला गेला, तर जुन्या कामगारांना नव्या भरतीत अग्रहक्क असावा; आणि शेतकऱ्याची सोडवणूक करताना एकरांऐवजी पाण्याची सोय आणि उत्पन्न मोजावे. या तीन गोष्टी करारात आणि शासन निर्णयात लेखी आल्या पाहिजेत. लोहाऱ्यात, बुटीबोरीत किंवा तळेगावात उद्या कोणताही नवा सामंजस्य करार जाहीर होईल, तेव्हा गुंतवणुकीच्या आकड्यावर समाधान न मानता तो करार सभागृहाच्या पटलावर मागणे आणि त्यातल्या अटी वाचणे, हे आमदारांचे, पत्रकारांचे आणि करदात्या नागरिकांचे काम आहे.